व्हॉल्व्ह नकाशावर आहे, पण पाइपला जोडलेला नाही

पाणीपुरवठा खात्यात असा एक माणूस असतोच, ज्याला फोन केल्याशिवाय कुठलाही व्हॉल्व्ह फिरत नाही. कुठल्या रस्त्याखालून कुठली लाइन गेलीय, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच बंद होतो, कुठला डांबराखाली गाडला गेलाय पण आहे तिथेच, सगळं त्याच्या डोक्यात. इंजिनिअर बदलून जातात, साहेब बदलून जातात, हा तिथेच. आणि मग एक दिवस तो रिटायर होतो आणि शहराचा सगळ्यात अचूक नकाशा त्याच्याबरोबर घरी निघून जातो. कपाटात उरतात पिवळे पडलेले ब्लूप्रिंट, ज्यांच्यावर काय आखलंय आणि प्रत्यक्षात काय टाकलंय याचा मेळ बसेलच असं नाही.

मी शहरांच्या जीआयएसच्या, म्हणजे जागेला माहिती जोडून ठेवणाऱ्या कॉम्प्युटर नकाशांच्या कामात बरीच वर्षं आहे आणि लोक विचारतात की तुम्ही नेमकं करता काय, नकाशे काढता का. तर हो, नकाशेही काढतो, पण ते शेवटचं काम. खरं काम हे की जे त्या माणसाच्या डोक्यात आहे ते अशा जागी आणून ठेवायचं जिथून ते रिटायर होणार नाही. जीआयएसमधे प्रत्येक वस्तूला दोन गोष्टी असतात, एक तिची जागा आणि दुसरी तिच्या माहितीची ओळ. पाइपची रेघ आहे, तर त्या रेघेच्या मागे टेबलात व्यास, मटेरियल, टाकल्याचं वर्ष, खोली हे सगळं. रॉजर टॉमलिन्सन या माणसाने 1960 च्या दशकात कॅनडा सरकारसाठी जमिनीच्या वापराचे ढीगभर नकाशे कॉम्प्युटरवर आणून एकमेकांवर ठेवायची सिस्टीम उभी केली, तिथून हे सुरू झालं असं धरतात. कल्पना तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे, एकाच जागेबद्दल चार खात्यांना जे माहीत आहे ते एकावर एक ठेवून बघायचं. अवघड आहे ते चार खात्यांना एकत्र आणणं, सॉफ्टवेअरने ते होत नाही.

बरं, आता पाइप फुटला असं समजा. जीआयएसला विचारायचं की हा तुकडा वेगळा काढायला कुठले व्हॉल्व्ह बंद करावे लागतील आणि ते बंद केल्यावर कुणाचं पाणी जाईल. याला नेटवर्क ट्रेस म्हणतात. फुटलेल्या जागेपासून प्रोग्राम पाइप धरून सगळ्या दिशांना चालत निघतो, व्हॉल्व्ह लागला की थांबतो, आणि वाटेत जेवढी कनेक्शन लागली त्यांची यादी देतो. त्यात डायलिसिस सेंटर किंवा हॉस्पिटल असेल तर आधी टँकर पाठवता येतो. डेमोमधे हे बघून सगळे खूश होतात. आणि मग खऱ्या डेटावर चालवलं की प्रोग्राम दोन पावलं चालून थांबतो नाहीतर अर्ध्या शहरात भटकून येतो.

का, तर रेघा जोडलेल्याच नसतात. स्क्रीनवर बघाल तर पाइप व्हॉल्व्हपर्यंत आलेला दिसतो, पण झूम करत गेलात, अजून झूम, अजून, की कळतं मधे वीस सेंटिमीटरची फट आहे. डोळ्याला ती जोडणी आहे आणि कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी आहेत. ज्याने डिजिटाइझ केलं त्याला चित्र काढायचं होतं, नेटवर्क बांधायचं नव्हतं, आणि टेंडरमधेही बहुतेक वेळा किलोमीटरचा रेट असतो, जोडणीचा नसतो. उलटंही होतं, दोन पाइप एकमेकांच्या वरून जातात, एक वर एक खाली, काही संबंध नाही, पण नकाशावर ते एकमेकांना छेदतात म्हणून कुणीतरी तिथे जोड टाकून दिलेला असतो आणि मग ट्रेस वरच्या झोनमधून (झोन म्हणजे पाणीवाटपाचा वेगळा भाग) खालच्या झोनमधे उडी मारतो. शिवाय व्हॉल्व्ह आहे एवढं माहीत असून भागत नाही, तो नेहमी उघडा असतो की बंद, हेही लागतं. दोन झोनच्या हद्दीवरचे व्हॉल्व्ह मुद्दाम कायम बंद ठेवलेले असतात. ती एक कॉलम रिकामी असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही उत्तर चूक येतं. त्यामुळे कुणी मला सांगितलं की आमच्याकडे शंभर टक्के पाइपलाइन जीआयएसवर आहे, तर मी एवढंच म्हणतो की एक ट्रेस चालवून दाखवा.

आणि समजा हे सगळं साफ केलं. पोरं बसवली, फटी बुजवल्या, त्या रिटायर व्हायला आलेल्या माणसाला शेजारी बसवून एकेक व्हॉल्व्ह विचारून घेतला (हे आवर्जून करा, आणि त्याला चांगली खुर्ची द्या). नकाशा तयार. दुसऱ्या दिवशी कुठेतरी नवीन लाइन टाकली जाते आणि नकाशा जुना होतो. तिसऱ्या दिवशी अजून एक. वर्षभरात फील्डवरच्या लोकांना दोन-तीनदा चुकीची माहिती मिळाली की ते परत फोन लावायला लागतात आणि एकदा का त्यांनी फोन लावला की तुमचा नकाशा मेला, मग तो कितीही भारी सर्व्हरवर असो. मी बघितलेले बहुतेक शहरी जीआयएस प्रोजेक्ट असेच गेलेत. व्हेंडरने डेटा दिला, हँडओव्हर झालं, फोटो निघाले, आणि डेटाची तारीख तिथेच गोठली, कारण अपडेट करणं हे कुणाच्याच कामाचा भाग नव्हतं.

यावर मला एकच उपाय चालताना दिसलाय आणि त्याचा टेक्नॉलॉजीशी फारसा संबंध नाही. कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल तेव्हाच पास होणार, जेव्हा त्याने टाकलेली लाइन मोजमापासकट जीआयएसच्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या थरावर, चढलेली असेल आणि जीआयएस सेलने ती तपासून सही दिलेली असेल. बस. पैसे त्या सहीपाशी अडले की डेटा आपोआप येतो, विनंतीपत्रांनी येत नाही. आणि मोजमाप खड्डा उघडा असताना घ्यायचं, बुजवायच्या आधी. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण सगळा खेळ इथे आहे. उघड्या खड्ड्यात आरटीके जीपीएसचा (सर्व्हेचा जास्त अचूक जीपीएस) दांडा पाइपच्या डोक्यावर टेकवला की दोन मिनिटांत सेंटिमीटरच्या अचूकतेची जागा आणि खोली मिळते. तोच पाइप माती टाकून वर रस्ता केल्यावर शोधायचा तर जमिनीवरून रडार फिरवा, अंदाज बांधा, आणि तरी खात्री नाही. काम संपल्यावर ऑफिसात बसून काढलेलं जे ड्रॉइंग येतं ना, ते पुष्कळदा मूळ डिझाइनचंच ड्रॉइंग असतं, फक्त शीर्षक बदललेलं. वाटेत झाड आलं म्हणून लाइन दोन मीटर सरकवली हे त्यात कधीच नसतं.

अचूकतेचं एक अजून. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, उंच इमारतींच्या गल्लीत त्याहून बराच वाईट. कचऱ्याचा डबा किंवा दिव्याचा खांब नोंदवायला चालतं, खांब दिसतोच. पण पाच मीटरमधे चार झाकणं असतील तर तुम्ही नोंदवलेला व्हॉल्व्ह यातला कुठला? म्हणून प्रत्येक नोंदीला ती कशी मोजली ही कॉलम असायलाच हवी. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचं जमिनीखालच्या लाइनींसाठी एक स्टँडर्ड आहे, पहिलं 2002 मधे आलं आणि 2022 मधे सुधारलं, त्यात ए ते डी अशा चार पातळ्या आहेत. डी म्हणजे जुने कागद किंवा कुणाची तरी आठवण, सी म्हणजे वर दिसणाऱ्या झाकणांवरून जुळवलेलं, बी म्हणजे यंत्राने वरून शोधलेलं, आणि ए म्हणजे खणून प्रत्यक्ष बघून मोजलेलं. मला ही पद्धत फार आवडते कारण त्यात डी असण्याची लाज नाहीये, फक्त डी आहे हे लिहून ठेवायचं. डी दर्जाची रेघ ए दर्जाच्या रेघेसारखीच ठळक निळी दाखवली की जेसीबीवाला तिच्यावर विश्वास ठेवतो आणि मग पाइप फुटतो.

नंबरांचंही असंच. प्रत्येक वस्तूला एक नंबर द्यायचा, तो कधी बदलायचा नाही, वस्तू गेली तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही आणि, हे लोक ऐकत नाहीत, त्या नंबरात अर्थ भरायचा नाही. नंबरात वॉर्ड क्रमांक घालायचा मोह सगळ्यांना होतो, वाचायला सोपा म्हणून. मग वॉर्डरचना बदलते आणि अर्ध्या खांबांचे नंबर खोटं बोलायला लागतात. वॉर्ड ही काढता येण्यासारखी गोष्ट आहे, खांबाचा बिंदू कुठल्या पॉलिगॉनमधे (नकाशावरच्या बंद आकारात) पडतो ते कॉम्प्युटर क्षणात सांगतो, ते नंबरात कोरायची काय गरज. आणि जुन्या वॉर्डांचा लेयर डिलीट करू नका, त्याला कधीपासून कधीपर्यंत अशा दोन तारखा लावून ठेवा, नाहीतर पाच वर्षांपूर्वीच्या तक्रारींची आजच्याशी तुलनाच करता येत नाही.

मालमत्ता कराबद्दल लिहायलाच हवं, कारण खरं सांगायचं तर पुष्कळ शहरं जीआयएस विकत घेतात ते त्याच्यासाठीच, तिथे पैसे वसूल होताना दिसतात. ड्रोन किंवा विमानातून फोटो काढायचे, इमारतींच्या कडा आखायच्या, कराच्या रजिस्टरशी जोडायचं, जे जुळत नाहीत ते बघायचे. पद्धत ठीकच आहे, पण त्या न जुळलेल्या आकड्याला लगेच करबुडवे म्हणून बातमी दिली जाते तेव्हा मला धडकी भरते. न जुळण्याची कारणं दहा असतात, पत्ता दोन तऱ्हेने लिहिलाय, एका इमारतीत वीस मालक आहेत, दोन घरांचं छप्पर एक आहे, नाहीतर ती नुसती शेड आहे. वरून छप्पर दिसतं, भिंती दिसत नाहीत, मजले तर नाहीतच. छपराची पागोळी बाहेर आलेली असेल तर तेवढं क्षेत्रफळ फुकट वाढतं. सॅटेलाइटचा फोटो तिरका घेतलेला असला तर उंच इमारती एका बाजूला झुकलेल्या दिसतात आणि त्यांचं छप्पर शेजाऱ्याच्या प्लॉटवर जाऊन बसतं. त्यामुळे नोटीस काढण्याआधी माणूस दारात जाऊन आला पाहिजे.

याहून भयंकर म्हणजे क्षेत्रफळ कुठल्या प्रोजेक्शनमधे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायच्या कुठल्या पद्धतीत, काढलं हे न बघणं. इंटरनेटवरचे झूम होणारे नकाशे बहुतेक सगळे वेब मर्केटर नावाच्या प्रोजेक्शनमधे असतात. ते विषुववृत्तापासून लांब जाल तसं सगळं फुगवत जातं. 20 अंश अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण 13 टक्के जास्त येतं, 45 अंशांवर जवळजवळ दुप्पट, 60 अंशांवर चौपट. त्या नकाशावर पॉलिगॉन काढून त्याचं क्षेत्रफळ सरळ टेबलात भरलं तर अख्ख्या शहराचा कर चुकतो, आणि सगळ्यांचा सारख्याच प्रमाणात चुकत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. यूटीएमसारखं स्थानिक प्रोजेक्शन वापरलं तर चूक एक टक्क्याच्याही खूप खाली राहते. सेटिंगमधला एक ड्रॉपडाउन आहे फक्त, तरी विचारा तुमच्या व्हेंडरला.

आता शेपफाइल. जीआयएसचा डेटा साठवायचा हा फॉरमॅट 1990 च्या दशकातला आहे आणि तो मरायला तयार नाही. कॉलमच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा, फाइल दोन जीबीच्या वर जात नाही, आणि नाव शेपफाइल असलं तरी ती एक फाइल नसून चार-पाच फाइलींचं बिऱ्हाड आहे, जे एकत्रच हलवावं लागतं. दर महिन्याला कुठल्या तरी खात्यातून मेल येतो आणि त्यात फक्त त्यातली एक, डॉट एसएचपी, जोडलेली असते. बाकीच्या पाठवा म्हटलं की उत्तर येतं, बाकीच्या उघडत नव्हत्या म्हणून डिलीट केल्या. शिवाय देवनागरीत भरलेली नावं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलं की नुसती प्रश्नचिन्हं होऊन येतात, रस्त्याचं नाव प्रश्नचिन्ह, मालकाचं नाव प्रश्नचिन्ह. जिओपॅकेज नावाचा फॉरमॅट 2014 पासून स्टँडर्ड आहे, एकच फाइल, यातला एकही त्रास नाही. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमधे तो सरळ उघडतो, आणि क्यूजीआयएस फुकट आहे, 2002 पासून लोक त्यावर काम करतायत, छोट्या शहराला सुरुवातीला याच्यापुढे काही लागत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी एडिट करायचं झालं तर मागे पोस्टजीआयएसचा डेटाबेस टाकायचा, तोही फुकट. लायसनचे पैसे वाचवून ते फील्डवरच्या मोजमापाला घाला.

जीआयएसवरचं कुठलंही भाषण जॉन स्नोच्या गोष्टीशिवाय संपत नाही. 1854, लंडनचं सोहो, कॉलरा, सहाशेच्या वर माणसं गेली, डॉक्टर स्नोने मृत्यूंचा नकाशा काढला, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती ठिपके दिसले, पंपाचं हँडल काढलं, साथ थांबली. छान गोष्ट आहे, फक्त क्रम तसा नाही. हँडल निघालं 8 सप्टेंबरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी स्नो जे घेऊन तिथल्या स्थानिक मंडळापुढे गेला ते मृत्यूंची यादी आणि घरोघर फिरून केलेली चौकशी. नकाशा त्याने नंतर तयार केला. साथही तोवर उतरायला लागली होती. मला तर ही खरी गोष्ट जास्त कामाची वाटते. त्याला पटवून गेले ते अपवाद, म्हणजे पंपाच्या जवळ असूनही न मेलेले लोक. शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाची स्वतःची विहीर होती, तिथे फार कमी मृत्यू. बिअरच्या कारखान्यातले कामगार त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. हे ठिपक्यांवरून कळत नाही, तिथे जाऊन विचारावं लागतं. आणि मंडळाने पूर्ण पटलेलं नसतानाही हँडल काढलं, हाही भाग सांगायला हवा.

हेच तक्रारींच्या नकाशाला लागू. डॅशबोर्डवर लाल डाग दिसला की साहेब म्हणतात तिकडे टीम पाठवा. पण तो नकाशा खड्ड्यांचा नाहीये, तक्रार करणाऱ्यांचा आहे. बॉस्टन शहराने 2012 च्या सुमाराला एक ॲप आणलं होतं, स्ट्रीट बम्प, गाडीत फोन ठेवला की धक्क्यांवरून खड्डे आपोआप नोंदवायचं. कल्पना झकास, पण ज्या वस्त्यांमधे स्मार्टफोन आणि गाड्या कमी तिथून सिग्नलच कमी, म्हणजे ॲपवर विसंबलं तर चांगल्या वस्तीतले खड्डे आधी बुजणार. हा मुद्दा त्यावरून खूप चर्चेत आला. आमच्या बाजूला मी एवढं करतो की तक्रारींचा नकाशा कधी एकटा दाखवत नाही, शेजारी वस्तीचा आणि स्वतः मोजलेल्या रस्त्यांच्या स्थितीचा लेयर ठेवतो. जिथे रस्ता वाईट आणि तक्रारी शून्य, तो भाग मी सगळ्यात आधी वाचतो.

अजून गंमत म्हणजे ज्या तक्रारींना लोकेशन मिळत नाही त्या शून्य अक्षांश शून्य रेखांशावर जाऊन पडतात. तिथे अटलांटिक महासागर आहे. जीआयएसवाले त्याला नल आयलंड म्हणतात (नल म्हणजे इंग्रजीतलं रिकामं, पाण्याचा नळ नव्हे), आणि कुठल्याही शहराचा डेटा पूर्ण झूम आउट करून बघा, काही दिव्याचे खांब तिथे पोहत असतातच. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालेलेही भेटतात, जिओजेसन नावाच्या फॉरमॅटमधे रेखांश आधी आणि मोबाइलच्या नकाशात अक्षांश आधी, त्यामुळे एक्सेलमधून आलेल्या याद्यांमधे हे होतच राहतं.

पुराच्या नकाशांबद्दल थोडक्यातच लिहितो कारण त्यावर राग येतो. फुकट मिळणारा उंचीचा डेटा, उदाहरणार्थ फेब्रुवारी 2000 मधे स्पेस शटलमधून रडारने मोजलेला एसआरटीएम, त्याचा एक पिक्सेल 30 मीटरचा आणि उंचीतली चूक काही मीटरची, शिवाय त्यात इमारती आणि झाडंही उंचीत धरली जातात. गटाराचा उतार सेंटिमीटरमधे असतो. या डेटावर नदीचं खोरं बघा, पण गल्लीत पाणी कुठे तुंबेल ते सांगू नका. त्यासाठी लिडार (लेझरने उंची मोजणारं यंत्र) लागतो आणि गटाराच्या तळाची पातळी लागते, जी परत चेंबरचं झाकण उघडून मोजावी लागते.

आणि या सगळ्या खटाटोपातून लोकांना रोज दिसणारा फायदा कुठला विचाराल तर माझ्या मते खोदकामाचा ताळमेळ. रस्ते खातं डांबरीकरण करतं आणि महिन्याभराने पाणी खातं तोच रस्ता फोडतं, यावर जगभर विनोद होतात. यासाठी काही हुशार सिस्टीम लागत नाही. प्रत्येक खात्याने पुढच्या वर्षाची कामं एका कॉमन रस्त्याच्या लेयरवर रेघ म्हणून टाकायची, सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहायची, आणि दर आठवड्याला एक क्वेरी चालवायची, दहा मीटरच्या आत आणि सहा महिन्यांच्या आत दोन कामं येतायत का. जी यादी येते ती पानभरही नसते. ती घेऊन दोन इंजिनिअर एका टेबलाला बसले की अर्ध्या तासात ठरतं, आधी पाइप मग डांबर. एका शहरात हे बसवलं तेव्हा पहिले काही आठवडे यादी रिकामीच येत होती आणि आम्ही खूश होतो, मग कळलं की एका खात्याने तारखांच्या कॉलममधे अजून काहीच भरलेलं नाही. आता तारीख नसलेलं काम सेव्हच होत नाही.